पुण्याचा उन्हाळा वाचायचा कसा: फेब्रुवारीअखेरच्या अंदाजापासून पहिल्या वळवापर्यंत

फेब्रुवारी संपत आला की "पारा चढला"च्या बातम्या सुरू होतात. पारा दरवर्षी याच दिवसांत चढतो, त्यामुळे नुसत्या त्या बातमीवरून गच्चीला चुना कधी मारायचा, कूलर घ्यायचा की नाही, मुंजीचा मांडव दुपारी घालायचा की संध्याकाळी, यातलं काहीच ठरत नाही. ते ठरवायचं तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आजचं तापमान त्या तारखेच्या सरासरीपेक्षा किती वर आहे, रात्री ते किती खाली उतरतं, आणि आपण राहतो तिथे हे दोन्ही आकडे किती बदलतात. मथळ्यातलं कमाल तापमान त्यानंतर.

आधी सरासरी लक्षात ठेवा

पुण्याचं म्हणून जे तापमान सांगतात ते बहुतेक वेळा शिवाजीनगरच्या वेधशाळेतलं असतं. (१९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, सिमला ऑफिसचा चौक त्यावरूनच.) तिथली ढोबळ सरासरी अशी: फेब्रुवारीत दुपारी ३२-३३ आणि पहाटे १२-१३ अंश, मार्चमध्ये ३६ आणि १६, एप्रिलमध्ये ३८ आणि २०, मेमध्ये ३७ आणि २२-२३. सध्या वापरात असलेली सरासरी १९९१ ते २०२० या तीस वर्षांची आहे.

महिन्याची सरासरी महिन्याच्या मध्याला लागू पडते, हे मात्र विसरायचं नाही. १ मार्चला साधारण ३४ अंश अपेक्षित असतात आणि ३१ मार्चला ३७. म्हणजे २ मार्चला ३६ नोंदले गेले तर दिवस दोन अंशांनी तापलेला, आणि ३० मार्चला तेच ३६ असतील तर दिवस उलट सौम्य. हवामान खात्याच्या तक्त्यात तापमानाशेजारी अधिक किंवा उणे चिन्हासह जो छोटा आकडा असतो, तो हाच फरक. रोज एकच आकडा बघायला वेळ असेल तर तो बघा.

मेपेक्षा एप्रिल जास्त तापतो, याचं कारण वाऱ्यात आहे. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर आणि वायव्येकडून कोरडी हवा येते, आभाळ मोकळं असतं, जमिनीतली ओल संपलेली असते. सगळं ऊन जमीन तापवण्यात जातं. मे उजाडला की समुद्रावरचे पश्चिमेचे वारे जोर धरतात, सह्याद्री ओलांडून दुपारनंतर शहरात पोचतात आणि कमाल तापमानाला लगाम बसतो. सूर्य मात्र तेव्हाच बरोबर डोक्यावर असतो. पुण्यात शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या आसपास येतो. ऊन मेचं प्रखर, हवा एप्रिलची तापलेली. टोकाचे आकडेही एप्रिलअखेरचे सापडतात: ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश आणि २८ एप्रिल २०१९ रोजी ४३.

आता एकूण कल. देशाची सरासरी पाहिली तर मार्च २०२२ मधलं कमाल तापमान १९०१ पासूनच्या सगळ्या मार्चांत सर्वाधिक होतं, फेब्रुवारी २०२३ ने फेब्रुवारींचा विक्रम मोडला, आणि २०२४ हे १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. उन्हाळ्याची तयारी होळीनंतर सुरू करायची जुनी सवय आता उशिराची ठरते. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा धरा.

हंगामी अंदाज: टक्के कशाचे?

फेब्रुवारीच्या शेवटी हवामान खातं मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज देतं, आणि मार्चअखेर एप्रिल ते जूनचा. त्यात कमाल आणि किमान तापमानाचे दोन वेगळे नकाशे असतात. बातम्यांत बहुधा कमालचाच येतो. किमानचा आवर्जून उघडा.

नकाशाचे रंग तापमान दाखवत नाहीत, शक्यता दाखवतात. मागच्या वर्षांचे तीन सारखे वाटे करायचे: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा जास्त. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. नकाशात पुण्यावर "सरासरीपेक्षा जास्त, ४५ ते ५५ टक्के" असा रंग असेल तर पारडं उष्णतेकडे झुकलंय एवढंच कळतं. उरलेल्या दोन वाट्यांची मिळून शक्यताही जवळजवळ तितकीच आहे. शिवाय "जास्त" म्हणजे किती, ते नकाशा सांगत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीत अर्ध्या-पाऊण अंशाची वाढसुद्धा त्या वाट्यात बसते. ४५ टक्के वाचून कोणी "यंदा पुणे ४५ अंशांवर" असं फॉरवर्ड करत असेल, तर त्यांना हा परिच्छेद पाठवा.

या अंदाजावरून तारखा काढता येत नाहीत. तो हंगामाचा खर्च ठरवायला असतो: गच्चीचं काम यंदा करायचं का, सोसायटीने टँकरचं बोलणं आधीच करून ठेवायचं का, जुन्या कूलरच्या जाळ्या बदलायच्या का. किमानच्या नकाशात पश्चिम महाराष्ट्र गडद रंगात असेल तर या तिन्हींना माझं उत्तर "हो" असेल. एल निनोची बातमी असली तर तीही याच अंदाजात जमेस धरलेली असते. तिचं भय वेगळं मोजायची गरज नाही.

खात्याच्या भाषेत पुणे "मध्य महाराष्ट्र" या उपविभागात येतं, आणि हा उपविभाग नंदुरबार-जळगावपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला आहे. "मध्य महाराष्ट्रात उष्णतेची लाट" ही ओळ जळगावमुळेही आलेली असू शकते. जिल्हानिहाय तक्ता उघडल्याशिवाय ती स्वतःला लावून घेऊ नका. घाटमाथ्याचा उल्लेख वेगळा येतो. पुणे शहर आणि लोणावळा-ताम्हिणीचा घाट यांचे इशारे बरेचदा निराळे असतात.

गुरुवारचा, रोजचा आणि तीन तासांचा

दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो. त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे. तिसऱ्या-चौथ्याकडे फक्त कल म्हणून पाहावं. कांदा काढणी, मंगल कार्यालयाची वेळ, बांधकामावरच्या पाळ्या यांसाठी हा चांगला.

रोजच्या अंदाजात पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे धरायचे, पुढच्या दिवसांची फक्त दिशा: चढतंय की उतरतंय. रंगांचा अर्थ आता बहुतेकांना ठाऊक आहे: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पावसाचे शब्द मात्र घोटाळ्यात टाकतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५० टक्के, "बऱ्याच ठिकाणी" ५१ ते ७५ आणि "बहुतेक ठिकाणी" त्याहून जास्त. एप्रिलमध्ये "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस" म्हटलं असेल आणि कात्रजला धो धो पडून औंधात धूळही बसली नसेल, तर अंदाज चुकलेला नाही. तुरळकचा अर्थच तो.

तीन तासांचे तातडीचे इशारे घरी निघायची वेळ ठरवायला. त्यांसाठी "मौसम" अॅप, विजांसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं "दामिनी", आणि शेतीसाठी "मेघदूत", ज्यात मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा जिल्ह्याचा कृषी सल्ला मिळतो. फोनमध्ये आधीपासून असलेलं हवामानाचं अॅप बहुतेकदा संगणकीय प्रारूपाने नकाशाचे चौकोन पाडून तुमच्या चौकोनासाठी काढलेला आकडा दाखवतं, प्रत्यक्ष नोंद नव्हे. आणि त्यातलं "जाणवणारं तापमान" तर आर्द्रता मिसळून काढलेलं वेगळंच गणित असतं. ते शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरचे ४५ अंश हे डांबरावरच्या हवेचे असतात. सिग्नलला उभं राहून त्याचा फोटो काढणाऱ्यांना ते सांगायला गेलं की वाईट वाटतं, तो भाग वेगळा.

तुमचं केंद्र कोणतं?

पुण्यात आणि आजूबाजूला शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, चिंचवड, मगरपट्टा, कोरेगाव पार्क, वडगाव शेरी, लवळे, एनडीए, हवेली अशी बरीच केंद्रं आहेत. दुपारच्या आकड्यांत त्यांच्यात फरक असतो, पण खरा फरक पहाटे दिसतो. एनडीए, पाषाण, हवेलीकडे मोकळी जमीन, झाडी आणि टेकड्यांवरून उतरणारी गार हवा. मगरपट्टा, कोरेगाव पार्क, वडगाव शेरीकडे दाट बांधकाम, जे दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री या दोन गटांत पाच-सहा अंशांचं अंतर सहज पडतं. एकाच शहरात एकाला मार्चअखेरीस पहाटे पांघरूण लागतं आणि दुसरा पंखा पाचावर ठेवून कूस बदलत असतो.

म्हणून घराजवळचं केंद्र निवडताना किलोमीटर मोजू नका, परिसराचा पोत पाहा. बावधनच्या टेकडीलगत राहणाऱ्याला पाषाण जवळचं, हडपसरच्या टॉवरमधल्याला मगरपट्टा. आणि एकाच केंद्राचा एखादा आकडा शेजारच्या सगळ्यांपेक्षा तीन-चार अंशांनी उंच दिसला तर आधी उपकरणावर संशय घ्या. २०२४ च्या मेमध्ये दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंशांची नोंद झाली होती. तपासणीत तिथला संवेदक (सेन्सर) तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं.

घरचा तापमापक

तीन-चारशे रुपयांचा डिजिटल तापमापक, ज्याला कमाल-किमान लक्षात ठेवायची सोय आणि वायरवरचा वेगळा संवेदक आहे, एवढ्यावर काम भागतं. महागडं यंत्र चुकीच्या जागी लावण्यापेक्षा स्वस्त यंत्र बरोबर जागी लावलेलं कधीही चांगलं.

आधी यंत्र तपासा. स्टीलच्या पेल्यात बारीक कुटलेला बर्फ गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच गार पाणी घाला. पाणी जास्त झालं की बर्फ वर तरंगतो, तळाशी चार अंशांचं पाणी राहतं आणि चाचणी फसते. संवेदक मधोमध खोचून दहा मिनिटं ढवळत राहा. आकडा शून्यावर स्थिरावायला हवा. ०.७ दाखवला तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून ०.७ वजा करायचे. दीड-दोन अंशांपेक्षा जास्त चूक असेल तर दुकानदाराला परत द्या. संवेदक जलरोधक नसेल तर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून बुडवा.

मग संवेदकावरची छत्री. वेधशाळेत उपकरणं पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात, कारण ऊन थेट पडलं की तापमापक हवेचं तापमान दाखवायचं सोडून स्वतःचं दाखवू लागतो. घरी हेच काम कुंडीखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिक ताटल्यांनी होतं. सहा-सात इंची आठ ताटल्या घ्या. वरच्या दोन अखंड ठेवा, खालच्या सहांच्या मधोमध अडीच-तीन इंचांचं भोक पाडा. सगळ्यांच्या कडेला तीन समान अंतरावर छोटी भोकं पाडून त्यांतून फूटभर लांबीचे तीन आट्यांचे दांडे ओवायचे आणि दर दोन ताटल्यांमध्ये दीड सेंटिमीटरचा पाइपाचा तुकडा घालायचा. ताटल्या पालथ्या, म्हणजे पाऊस आत येत नाही. संवेदक मधल्या पोकळीत लोंबता राहील असा बांधा. त्याने कुठल्याही ताटलीला टेकायचं नाही. रंगीत ताटल्या घेऊ नका. पांढऱ्याही दोन उन्हाळ्यांत पिवळ्या पडतात. तेव्हा वरच्या दोन बदला.

जागा निवडताना बहुतेकांची गडबड होते. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची, उत्तरेची बाजू, भिंतीपासून निदान हातभर अंतर. गच्चीच्या कठड्यावर अजिबात नको: तापलेली फरशी संध्याकाळी सातलाही ऊब सोडत असते. एसीच्या बाहेरच्या डब्याजवळ, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टसमोर, पाण्याच्या टाकीला टेकून, हेही नको. फ्लॅटमध्ये उत्तरेची बाल्कनी नसेल तर पूर्वेची चालेल, पण मग सकाळी नऊ ते अकराचे आकडे विसरायचे.

नोंदीची वेळ वेधशाळेचीच ठेवा: सकाळी साडेआठला रात्रीचं किमान आणि संध्याकाळी साडेपाचला दिवसाचं कमाल. वाचून झालं की यंत्र रीसेट करायचं. हे राहून गेलं की कालची दुपार आजच्या कमालमध्ये घुसते, आणि सलग दोन दिवस हुबेहूब तोच आकडा दिसला तर तेच झालंय असं समजा. वहीत सहा रकाने पुरेत: तारीख, किमान, कमाल, दोघांतला फरक, शिवाजीनगरचा किमान, शिवाजीनगरचा कमाल. पंधरा दिवस झाले की तुमच्या घराचं अंतर हाती येतं, समजा पहाटे अधिक तीन आणि दुपारी अधिक एक. इथून पुढे रोजच्या अंदाजात तेवढे मिळवायचे. पहाटेचं अंतर खरं आहे की यंत्राचं, हे बर्फाच्या चाचणीने आधीच निकालात निघालेलं असतं. दुपारचं अंतर तीनपेक्षा जास्त येत असेल तर मात्र छत्रीत ऊन शिरतंय. एखाद्या ढगाळ, वाऱ्याच्या दुपारी पुन्हा ताडून पाहा, अंतर झटकन कमी झालं तर खात्रीच.

"लाट" जाहीर व्हायची वाट पाहू नका

उष्णतेच्या लाटेचे निकष ठरलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं. त्याहून जास्त फरक असेल तर तीव्र लाट. किंवा सरळ ४५ अंश गाठले तर लाट, ४७ ला तीव्र लाट. हे उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस व्हावं लागतं.

आता पुण्याचं गणित करा. एप्रिलच्या उत्तरार्धात सरासरी ३८ च्या पुढे. त्यात साडेचार मिळवले की ४२.५ ते ४३. म्हणजे जवळजवळ विक्रमाला हात लागल्याशिवाय पुण्यात लाट ठरत नाही. आठवडाभर ४०-४१ अंश राहिले, माणसं हैराण झाली, तरी कागदावर लाट नसते. निकष चुकीचा आहे असं नाही, तो देशभर एकाच मापाने मोजायला आहे. पण आपल्या अंगणासाठी वेगळी रेषा आखावी: घरचा दुरुस्त केलेला आकडा सलग दोन दिवस ४० च्या वर आणि पहाटेचा २४ च्या खाली नाही, एवढं झालं की लाट आली असं समजून वागायचं. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. रात्री शरीर थंड झालं नाही तर दुसऱ्या दिवशीची दुपार कालच्याच तापमानाला जड जाते. पत्र्याच्या घरांत आणि वरच्या मजल्यांवर तर हमखास. खात्याची "उष्ण रात्र" ही वेगळी संज्ञाही आहे, पण तिच्यासाठी दिवसाचं कमाल ४० ला पोचावं लागतं.

अशा दिवसांत बारा ते तीन उन्हातली कामं बंद. घाम भरपूर गेला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त मीठ लहान मुलांना अपायकारक ठरतं. ताक, कोकम सरबत, पन्हं चांगलंच. बोलणं असंबद्ध होणं, तोल जाणं, शुद्ध हरपणं आणि अंग भाजल्यासारखं तापणं हा उष्माघात. माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पहाटेच्या आकड्यावर घर चालवा

किमान तापमान २२ च्या खाली असेपर्यंत पुण्यात रात्रीची हवा फुकटचा एसी आहे. घरात एक साधा तापमापक ठेवा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की खिडक्या सताड उघडायच्या, मार्चमध्ये हे रात्री आठ-साडेआठला होतं. सकाळी बाहेरचा आतल्याच्या वर चढायला लागला, साधारण नऊच्या सुमारास, की खिडक्या आणि पडदे बंद. दिवसभर "हवा खेळती राहू दे" म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या तर भिंती तापतात आणि ती उष्णता झोपेच्या वेळी अंगावर येते.

गच्चीला चुना मारायचा तो मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. गच्ची झाडून, शेवाळ खरवडून, धुऊन वाळवा. विझवलेला चुना दहा किलो, पाणी वीस लिटरच्या आसपास, चिकटपणासाठी अर्धा किलो फेव्हिकॉल. रात्रभर भिजवून, गाळून, लांब दांड्याच्या ब्रशने दोन हात द्यायचे. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावर आणि आडव्यावर उभा. काम संध्याकाळी करा. तापलेल्या फरशीवर चुना झटकन सुकतो, धरत नाही आणि पायाला पावडर लागते. कळीचा चुना आणून घरी विझवणार असाल तर तो उकळतो हे लक्षात ठेवा: प्लॅस्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवा, पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. वरच्या मजल्याच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो, तक्रार नको. पुढच्या वर्षी पुन्हा.

कूलर घ्यायचा का, याचं उत्तर हवेच्या कोरडेपणात आहे. साध्या काचेच्या तापमापकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून पंख्यासमोर पाच मिनिटं धरा. जो आकडा येईल तो ओल्या फुग्याचं तापमान. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ते २१ च्या आसपास येतं. बरा कूलर कोरड्या आणि ओल्या आकड्यांतलं सत्तर टक्के अंतर कापतो, म्हणजे २६ अंशांची हवा. मेच्या उत्तरार्धात ३६ अंश आणि ५० टक्के आर्द्रता झाली की ओला आकडा २७ च्या पुढे जातो आणि तोच कूलर ३० अंशांची दमट हवा फेकतो. मग जाळ्या, मोटर, दुकानदार सगळ्यांना दोष दिला जातो, कूलर मात्र ठीक असतो. कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच. ओली हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात खोली कोंदट होते.

बाग आणि टाकी, थोडक्यात

कुंड्यांवर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्चच्या मध्यापासून. तुळस आणि मोगऱ्याला त्याहून दाट नको. मातीवर दोन इंच पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या. पाणी सकाळी सातच्या आत. दुपारी पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळपर्यंत ती सावरली तर मुळांशी ओल आहे.

शहराचं बहुतेक पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येतं, मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). उन्हाळा लवकर तापला की बाष्पीभवन आणि वापर दोन्ही लवकर वाढतात. सोसायटीने टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि फ्लशच्या गळत्या मार्चमध्येच तपासून घ्याव्यात.

वळवाची चाहूल

वळीव ओळखायला तापमानापेक्षा दवबिंदू उपयोगी, म्हणजे हवा जितकी गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. कोरड्या मार्चमध्ये तो दहाच्या खाली असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळचा दवबिंदू दोन-तीन दिवसांत चढत १८ ते २० वर गेला, पहाटेचं किमान तापमान वाढलं आणि दुपारी अंग चिकट व्हायला लागलं, की हवेत इंधन भरलंय. विदर्भ-मराठवाड्यातून कर्नाटकाकडे जाणारा हवेच्या कमी दाबाचा पट्टा किंवा वाऱ्यांची खंडितता (वाऱ्याची दिशा एकदम बदलते ती रेषा) बातमीपत्रात दिसली तर ठिणगीही आहे. मग दुपारी एकनंतर क्षितिज पाहा, विशेषतः सिंहगड आणि दिवे घाटाच्या बाजूला. कोबीच्या गड्ड्यासारखे टणक कडांचे ढग पटापट उंच होत असतील तर दोन-तीन तासांत गडगडाट. त्यांचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला की गाठोडी आवरा. कडा विस्कटून ढग मळकट होत असतील तर आज फक्त उकाडा. वाऱ्याने अचानक दिशा बदलली आणि गार झोत आला, तर पाऊस पाच-दहा मिनिटांवर आहे. दुचाकी तिथेच थांबवा. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षाखाली नाही, होर्डिंगखाली तर मुळीच नाही. २०२४ च्या १३ मेला घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग अशाच वादळी वाऱ्याने पाडलं होतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीस किंवा कमी भरले तर आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा. शेतात असाल तर एकट्या झाडाकडे धावू नका. जुन्नर, शिरूर, पुरंदरकडे या दिवसांत गारपीटही होते. काढलेला कांदा उघड्यावर ठेवून गावाला जाऊ नये.

वळीव आला म्हणजे पावसाळा आला असं नाही. वळवानंतर दोन दिवस पहाट गार होते, आभाळ निवळतं आणि कमाल पुन्हा ३८ वर जातं. वहीतला चौथा रकाना, कमाल आणि किमान यांतला फरक, इथे कामी येतो. मार्चमध्ये तो २० च्या आसपास असतो, मेमध्ये १४-१५. तो सलग चार-पाच दिवस दहाच्या खाली राहिला, ढग दिवसभर टिकले आणि वारा रात्रीही पश्चिमेचाच वाहत राहिला, तर हंगाम बदललाय. २०२५ मध्ये मान्सून पुण्यात २६ मेलाच पोचला होता, तेव्हा जूनच्या तारखेवर विसंबू नका. फरक दहाखाली गेला की कूलरचं पाणी काढून टाकायचं, टाकीतला क्षार लिंबूसत्वाच्या पाण्याने सुटा करायचा, जाळ्या कडक उन्हाचा एखादा दिवस मिळेल तेव्हा खडखडीत वाळवायच्या, आणि मोटरीवर कापड घालून तो माळ्यावर चढवायचा. ओल्या जाळ्या तशाच गुंडाळल्या तर पुढच्या फेब्रुवारीत पहिल्या झोताबरोबर घरभर कुबट वास सुटतो आणि जाळ्या नव्याच घ्याव्या लागतात.